शोधशब्दांची प्रश्नपरीक्षा : वैद्य व औषधी-विक्रेते यांच्यासाठी प्रथम पाठ

प्रास्ताविक

दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या त्रिविध परीक्षेतील प्रश्नपरीक्षेचे महत्त्व वैद्यवर्गास नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. रुग्ण आपली व्यथा स्वतःच्या शब्दांत सांगतो आणि वैद्य त्या शब्दांमागील दोष-दूष्यांचा वेध घेतो. गेल्या काही वर्षांत या क्रमात एक नवी पायरी आली आहे. रुग्ण दवाखान्याची पायरी चढण्यापूर्वीच आपली व्यथा भ्रमणध्वनीवरील शोधयंत्रास सांगतो. ‘जेवल्यावर छातीत जळजळ’, ‘टाच दुखणे घरगुती उपाय’, ‘जवळचे आयुर्वेदिक दुकान’ असे शब्द तो लिहितो किंवा बोलतो. उत्तरादाखल जी पाने समोर येतात त्यांवरून तो कोणाकडे जावे, काय घ्यावे आणि कशावर विश्वास ठेवावा हे ठरवतो.

आपल्या व्यवसायबंधूंपैकी अनेकांनी संकेतस्थळे तयार करून घेतली आहेत. तथापि ‘संकेतस्थळ आहे, पण त्यावर कोणी येत नाही’ ही तक्रार सार्वत्रिक आहे. याचे एक प्रमुख कारण असे की, संकेतस्थळावरील भाषा वैद्याची असते आणि शोध घेणाऱ्याची भाषा रुग्णाची असते. या दोहोंमधील अंतर मोजण्याची जी साधने उपलब्ध आहेत, त्यांना व्यवहारात ‘कीवर्ड रिसर्च टूल्स’ म्हणतात. प्रस्तुत लेखात त्यांस ‘शोधशब्द-साधने’ असे संबोधिले आहे. संगणकाचे विशेष ज्ञान नसलेल्या वैद्यांस व औषधालयाच्या मालकांस ही साधने स्वतः वापरता यावीत, तसेच त्यांच्या वापरात कायद्याची व वैद्यकीय नीतीची मर्यादा कोठे येते हे स्पष्ट व्हावे, हा या पाठाचा हेतू आहे.

१. संज्ञा-परिचय

शोधशब्द : शोधयंत्राच्या चौकटीत मनुष्य जे लिहितो ते. हा एक शब्द असेल, शब्दसमूह असेल किंवा पूर्ण वाक्यही असेल. ‘पंचकर्म’ हा ऱ्हस्व शोधशब्द होय. ‘सदाशिव पेठेत पंचकर्म कोठे करतात’ हा दीर्घ शोधशब्द होय. ऱ्हस्व शब्द अधिक लोक शोधतात, पण त्यांचा नेमका हेतू कळत नाही. दीर्घ शब्द थोडे लोक शोधतात, पण ते गरजेच्या अधिक जवळ पोहोचलेले असतात.

शोधसंख्या : एखादा शब्द दरमहा सरासरी किती वेळा शोधला जातो याचा अंदाज. हा अंदाज आहे, शिरगणती नव्हे, हे प्रारंभीच लक्षात ठेवावे.

स्पर्धा : त्या शब्दासाठी इतर किती संकेतस्थळे प्रयत्नशील आहेत याचे माप. हे माप प्रत्येक साधन आपापल्या पद्धतीने काढते. त्यामुळे एका साधनातील आकड्याची दुसऱ्यातील आकड्याशी तुलना करणे निरर्थक ठरते.

शोधहेतू : शोधणाऱ्यास काय हवे आहे? माहिती हवी आहे, विशिष्ट ठिकाण गाठायचे आहे की वस्तू विकत घ्यायची आहे? ‘गुळवेल कशी ओळखावी’ यात जिज्ञासा आहे. ‘गुळवेल सत्त्व किंमत’ यात खरेदी आहे. दोहोंस एकाच पानाने उत्तर देण्याचा प्रयत्न केल्यास दोघेही असमाधानी राहतात.

२. शास्त्राची भाषा आणि रुग्णाची भाषा

निघंटूंची परंपरा असलेल्या शास्त्रास पर्यायशब्दांचे वावडे असण्याचे कारण नाही. गुडूची, अमृता, छिन्नरुहा, मधुपर्णी ही एकाच द्रव्याची नावे विद्यार्थिदशेतच आपण पाठ केलेली असतात. शोधशब्दांचे कार्यही याच स्वरूपाचे आहे. भेद एवढाच की, येथील पर्याय ग्रंथकाराने नव्हे तर सामान्यजनांनी निर्माण केलेले असतात. महाराष्ट्रातील गृहिणी ‘गुळवेल’ लिहिते, हिंदी वाहिन्या पाहणारा तिचा मुलगा ‘गिलोय’ लिहितो आणि ‘गुडूची’ हा शब्द प्रामुख्याने वैद्य व विद्यार्थीच लिहितात. ज्या औषधालयाच्या पानावर केवळ ‘गुडूची सत्त्व’ असेल, ते पहिल्या दोघांस सापडणे कठीण होते.

रोगनामांबाबत हे अंतर अधिकच जाणवते. पुढील जोड्या पाहाव्यात :

• विबंध : ‘पोट साफ न होणे’, ‘बद्धकोष्ठता’
• परिकर्तिका : ‘फिशर’, ‘शौचाच्या जागी चीर’
• गृध्रसी : ‘सायटिका’, ‘कमरेपासून पायात कळ’
• अर्धावभेदक : ‘अर्धशिशी’, ‘मायग्रेन’
• शीतपित्त : ‘अंगावर पित्त उठणे’, ‘गांधी उठणे’
• खालित्य : ‘केस गळणे’

याहून सूक्ष्म अडचण संदिग्ध शब्दांची आहे. ‘पित्त झाले आहे’ असे म्हणणाऱ्या मराठी माणसास बहुधा आम्लपित्त अभिप्रेत असते, कधी अंगावरील गांधी अभिप्रेत असतात. दोषस्वरूप पित्त क्वचितच. ‘वात आहे’ म्हणजे सांधे दुखतात. ‘उष्णता झाली’ या दोन शब्दांत तोंड येण्यापासून मूत्रदाहापर्यंत अनेक लक्षणे सामावतात. म्हणून ‘पित्तावर उपाय’ असा शोधशब्द हाती आला तर पान लिहिण्यापूर्वी तो शब्द स्वतः शोधून पाहावा व शोधयंत्र कोणत्या अर्थाची पाने वर दाखवते याचे निरीक्षण करावे.

द्रव्यनामांची संदिग्धता तर थेट रुग्णाच्या सुरक्षिततेशी निगडित आहे. ‘ब्राह्मी’ या नावाने कोठे जलब्राह्मी तर कोठे मंडूकपर्णी घेतली जाते, हे आपण जाणतो. गुळवेलीचा अनुभव अलीकडचा आहे. करोनाच्या साथीत घरोघरी काढे होऊ लागले. त्यानंतर 2021 साली मुंबईतील काही रुग्णांमध्ये गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतास इजा झाल्याचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. आयुष मंत्रालयाने त्यावर असे प्रतिपादन केले की, संबंधितांनी वनस्पतीची ओळख निश्चित केली नव्हती. टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया हिच्याऐवजी टिनोस्पोरा क्रिस्पा ही सदृश वेल वापरली गेली असणे शक्य आहे. या वादाचा निवाडा हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. परंतु ज्या शब्दाच्या मागे मोठा जनसमुदाय धावत असतो, त्या शब्दाच्या पानावर द्रव्याची ओळख, मात्रा, निषेध आणि वैद्याच्या सल्ल्याची आवश्यकता यांचा उल्लेख असणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे, एवढा बोध त्यातून निश्चित घ्यावा.

३. साधने व त्यांचा उपयोग

(अ) शोधचौकट. सर्वांत सुलभ व विनामूल्य साधन म्हणजे शोधयंत्राची चौकट. गूगलवर ‘पंचकर्म’ एवढेच लिहून थांबल्यास खाली सूचनांची यादी उमटते. या सूचना लोकांच्या प्रत्यक्ष शोधांवर आधारित असतात. ‘पंचकर्म’ या शब्दानंतर एकेक वर्ण लिहून पाहिल्यास (‘पंचकर्म क’, ‘पंचकर्म ख’ याप्रमाणे) खर्च, काळ, पथ्य, फायदे, तोटे असे निरनिराळे प्रश्न हाती येतात. शोधफलांच्या पानावर ‘लोक हेही विचारतात’ या अर्थाचा प्रश्नसंच असतो, तसेच संबंधित शोधांची यादी असते. हे प्रश्न वहीत जसेच्या तसे, अशुद्धांसह, उतरवून घ्यावेत. शोध घेताना आपल्या खात्यातून बाहेर पडावे, अन्यथा आपल्या पूर्वीच्या शोधांची छाया त्यावर पडते.

(आ) कीवर्ड प्लॅनर. हे गूगलच्या जाहिरात विभागाचे साधन असून 2013 सालापासून सध्याच्या नावाने उपलब्ध आहे. यासाठी गूगल ॲड्सचे खाते उघडावे लागते. खाते उघडल्यावर स्थान म्हणून ‘पुणे’ किंवा ‘महाराष्ट्र’ निवडावे. भाषा मराठी ठेवून एकदा, हिंदी ठेवून एकदा व इंग्रजी ठेवून एकदा अशी तीन आवर्तने करावीत. आपला शब्द लिहिल्यावर त्याची मासिक शोधसंख्या व संबंधित शब्दांची यादी मिळते.

येथे नवशिक्याची दोन ठिकाणी दिशाभूल होते. पहिले असे की, जो जाहिरातीवर खर्च करीत नाही त्यास नेमका आकडा न मिळता ‘10 ते 100’, ‘100 ते 1,000’ असे विस्तृत पल्ले मिळतात. प्राथमिक निवडीसाठी ते पुरेसे असतात. दुसरे असे की, या साधनातील ‘स्पर्धा’ हा स्तंभ जाहिरातदारांमधील स्पर्धा दर्शवितो. जाहिरातीवाचून नैसर्गिकरीत्या वर येणे सुलभ आहे की कठीण, याच्याशी त्याचा थेट संबंध नाही. स्पर्धा ‘कमी’ असे वाचून हर्षित होण्याचे कारण नाही.

(इ) गूगल ट्रेंड्स. 2006 पासून उपलब्ध असलेले हे साधन संख्या देत नाही, तर प्रमाण देते. निवडलेल्या काळात व प्रदेशात ज्या क्षणी शब्दाची लोकप्रियता सर्वाधिक होती त्यास 100 मानून इतर काळाचे मोजमाप केले जाते. एका वेळी पाच शब्दांची तुलना करता येते. ऋतुचर्येचा विचार करणाऱ्या वैद्यास हे साधन विशेष उपयुक्त आहे. ‘उटणे’ हा शब्द पाच वर्षांच्या आलेखात पाहावा. दिवाळीच्या आगेमागे त्याचे शिखर कसे येते हे ध्यानी येईल. च्यवनप्राश, घामोळे, सर्दी यांचाही असाच अभ्यास करावा. वसंतातील वमन, वर्षा ऋतूतील बस्ती आणि शरदातील विरेचन यांविषयीचे लेखन ऋतू सुरू झाल्यावर नव्हे, तर एक-दीड महिना अगोदर प्रसिद्ध होणे इष्ट असते. कारण शोधयंत्रास नवे पान वाचून त्याची नोंद व प्रतवारी करण्यास अवधी लागतो. एका पेठेपुरता किंवा अल्प शोधल्या जाणाऱ्या शब्दाचा आलेख पुरेशा माहितीअभावी रिकामा येऊ शकतो. अशा वेळी प्रदेश महाराष्ट्र ठेवावा.

(ई) सर्च कन्सोल. ज्यांचे संकेतस्थळ अस्तित्वात आहे त्यांच्यासाठी हे सर्वांत विश्वसनीय साधन होय. कारण येथे अंदाज नसून आपल्याच संकेतस्थळाची नोंद असते. कोणत्या शब्दांवर आपले पान दाखविले गेले, किती वेळा, त्यांपैकी कितींनी ते उघडले आणि सरासरी कितव्या क्रमांकावर ते होते, अशी माहिती मागील 16 महिन्यांपर्यंतची मिळते. अतिविरळ शोध गोपनीयतेस्तव वगळलेले असतात. एखादे पान पुष्कळदा दाखविले जाते, पण क्वचितच उघडले जाते असे आढळल्यास त्याचे शीर्षक शोधणाऱ्याच्या प्रश्नाशी जुळत नसावे, असे अनुमान प्रथम करावे. एखादा शब्द सरासरी अकराव्या-बाराव्या स्थानी दिसत असेल, तर नवीन पान लिहिण्यापेक्षा तेच पान सुधारणे अधिक फलदायी ठरते.

(उ) अन्य साधने. उबरसजेस्ट, सेमरश, एचरेफ्स, आन्सर द पब्लिक ही खासगी साधने मर्यादित प्रमाणात विनामूल्य वापरता येतात. इंग्रजी शब्दांसाठी त्यांची माहिती समृद्ध आहे. मराठी शब्दांसाठी ती अनेकदा तोकडी पडते. एखाद्या मराठी शब्दापुढे ‘शून्य’ दिसले म्हणून तो कोणीच शोधत नाही असे मानू नये. अशा वेळी शोधचौकटीतील सूचना आणि स्वतःच्या दवाखान्यातील नोंदवही यांचा आधार घ्यावा. या सर्व साधनांत न दाखविलेले एक साधन प्रत्येक औषधालयापाशी आहे : गल्ल्यासमोर उभा राहणारा ग्राहक. आठवडाभर ग्राहक ज्या शब्दांत वस्तू मागतात ते शब्द टिपून ठेवावेत. पहिल्या यादीसाठी याहून चांगला उगम नाही.

४. लिपी व लेखनभेद

मराठी शोधशब्दांचा अभ्यास करणाऱ्यास लिपीचा प्रश्न टाळता येत नाही. एकच मनुष्य एकाच गोष्टीसाठी कधी देवनागरी, कधी रोमन लिपीतील मराठी, तर कधी सरळ इंग्रजी शब्द वापरतो. त्यातही ‘ॲसिडिटी’ हा शब्द देवनागरीत तीन प्रकारे लिहिला जातो (ॲ, अॅ, ऍ) आणि डोळ्यांस सारखे भासणारे हे वर्ण संगणकाच्या दृष्टीने भिन्न असतात. ‘बद्धकोष्ठता’ व ‘बध्दकोष्ठता’, ‘मूळव्याध’ व ‘मुळव्याध’ हेही तसेच. शोधयंत्रे बरेच भेद आता जुळवून घेतात. साधनांमध्ये मात्र हे पर्याय कधी एकत्रित, कधी पृथक् दिसतात. म्हणून शब्दाची शोधसंख्या पाहताना सर्व रूपे तपासावीत. लेखनात मात्र शुद्ध रूपच वापरावे. अशुद्ध रूपे पानावर पेरण्याची गरज नाही. वैद्याच्या नावाने प्रसिद्ध होणाऱ्या मजकुरास ते शोभत नाही.

येथे जुन्या औषधालयांसाठी एक महत्त्वाची सूचना. अनेकांची माहितीपत्रके युनिकोडपूर्व काळातील आहेत. श्रीलिपीसारख्या पुण्यातच विकसित झालेल्या प्रणालींतील जुन्या टंकांत ती जुळविलेली असतात. असा मजकूर संकेतस्थळावर थेट चिकटविल्यास टंक नसलेल्या यंत्रावर तो रोमन अक्षरांची निरर्थक मालिका म्हणून दिसतो आणि शोधयंत्रही तो तसाच वाचते. दुसरा प्रकार म्हणजे माहितीपत्रकाचे छायाचित्र लावणे. छायाचित्रातील अक्षरांवर विसंबून राहता येत नाही. दोन्ही प्रसंगी मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून किंवा नव्याने टंकलिखित करून घ्यावा. शोधशब्दांचे संशोधन उत्तम झाले, पण मजकूरच वाचता येत नसला, तर सारे श्रम वाया जातात.

५. स्थानिक शोध : सदाशिव पेठेचे उदाहरण

सदाशिव पेठेत पत्ता सांगण्याची रीत सर्वश्रुत आहे. घरक्रमांकापेक्षा खूण महत्त्वाची : पेरूगेटजवळ, चिमण्या गणपतीपाशी, भिकारदास मारुतीच्या बाजूस, नागनाथ पाराशेजारी, टिळक स्मारक मंदिरासमोर. शोध घेणाराही याच खुणांचा आधार घेतो. म्हणून औषधालयाच्या ‘संपर्क’ पानावर केवळ ‘सदाशिव पेठ, पुणे 411030’ एवढे न लिहिता जवळची खूण, रस्त्याचे प्रचलित नाव, वाहन लावण्याची सोय आणि दुपारी दुकान बंद राहात असल्यास तो काळ स्पष्ट लिहावा. खूण खरी असावी. दूरच्या प्रसिद्ध स्थळाचे नाव केवळ शोधात येण्यासाठी जोडू नये.

या पेठेचा रुग्णवर्ग पाहिल्यास शोधशब्दांचे निरनिराळे गट पडतात. जुन्या वाड्यांतील व त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींतील वृद्ध हा एक वर्ग. त्यांच्यासाठी शोध बहुधा मुलगा किंवा सून घेते, आणि ती कदाचित परदेशातून घेत असते. स्पर्धापरीक्षांच्या तयारीसाठी राज्यभरातून येऊन अभ्यासिकांत बसणारे विद्यार्थी हा दुसरा वर्ग. खानावळीचे जेवण, जागरण व बैठी दिनचर्या यांतून उद्भवणारी आम्लपित्त, मलावष्टंभ, निद्रानाश, डोळ्यांची जळजळ ही त्यांची लक्षणे. त्यांचे शोधशब्द मराठीत असतात आणि ‘कमी खर्चात’ हा शब्द त्यांना वारंवार जोडलेला असण्याचा संभव असतो. लक्ष्मी रस्ता व तुळशीबाग येथे खरेदीस येणारा ग्राहक हा तिसरा वर्ग. त्याचा शोध ‘जवळ’, ‘आता उघडे’ अशा स्वरूपाचा असतो. अष्टांग आयुर्वेद महाविद्यालय याच पेठेत असल्याने विद्यार्थी व नवोदित वैद्य हा चौथा वर्ग. तो मात्र शास्त्रीय नावांनीच शोध घेतो. तेव्हा शास्त्रीय शब्द पानावरून काढून टाकावेत असे नव्हे. लौकिक शब्द शीर्षकात व शास्त्रीय शब्द विवेचनात, अशी योजना करावी.

सुवर्णप्राशन हे स्थानिक शोधाचे अत्यंत बोलके उदाहरण आहे. पुष्य नक्षत्र साधारणतः 27 दिवसांनी येते. त्यामुळे ‘पुष्य नक्षत्र कधी आहे’ हा प्रश्न पालक वर्षातून सुमारे तेरा वेळा विचारतात. ज्या दवाखान्यात हा उपक्रम चालतो त्याने वर्षभराच्या तारखा व वेळा एका पानावर प्रसिद्ध केल्यास आणि ते पान वेळोवेळी अद्ययावत ठेवल्यास पालकांची सोय होते व दवाखान्याची ओळखही दृढ होते. बालकाच्या आरोग्याविषयी अतिशयोक्त दावे करण्याची त्यासाठी मुळीच आवश्यकता नसते.

नकाशातील नोंदीसाठी ‘गूगल बिझनेस प्रोफाइल’ ही विनामूल्य सोय आहे. स्थानिक शोधफलांचा क्रम सुसंबद्धता, अंतर आणि प्रसिद्धी या तीन घटकांवर ठरतो, असे गूगलने स्वतःच सांगितले आहे. अंतर आपल्या हाती नाही. नोंद पूर्ण व अचूक ठेवणे मात्र निश्चित हाती आहे. या नोंदीच्या कामगिरी-विभागात लोक कोणत्या शब्दांनी आपल्यापर्यंत पोहोचले हेही दिसते. संकेतस्थळ नसलेल्या विक्रेत्यास येथूनच प्रारंभ करता येईल.

६. शोधशब्दांची साध्यासाध्यता

यादी तयार झाल्यावर निवड करावयाची असते. येथे साध्यासाध्यतेचे परिचित वर्गीकरण उपयोगी पडते.

सुखसाध्य : स्थानिक, दीर्घ व स्पष्ट हेतूचे शब्द. उदाहरणार्थ, ‘सदाशिव पेठ काष्ठौषधी दुकान’, ‘पुण्यात अणुतेल कोठे मिळेल’, ‘विरेचनापूर्वी काय खावे’. शोधसंख्या अल्प असली तरी येणारा वाचक गरजवंत असतो. प्रारंभ येथूनच करावा.

कृच्छ्रसाध्य : ‘आम्लपित्त आहार’, ‘केस गळणे आयुर्वेदिक उपाय’ यांसारखे शब्द. येथे मोठी वृत्तपत्रे व नामांकित कंपन्यांची पाने आधीच असतात. अनेक महिने दर्जेदार लेखन केल्यासच स्थान मिळते.

याप्य : ‘आयुर्वेद’, ‘पंचकर्म’, ‘च्यवनप्राश’ असे ऱ्हस्व व सार्वत्रिक शब्द. यांच्या मागे लागू नये. आपल्या लेखनात ते स्वाभाविकपणे येत राहतील तेवढे पुरे.

प्रत्याख्येय : जे शब्द कायद्याने वा नीतीने वर्ज्य आहेत ते. साधनांमध्ये सर्वांत मोठे आकडे पुष्कळदा यांच्याच पुढे दिसतात आणि म्हणूनच या वर्गाचा स्वतंत्र विचार करणे अगत्याचे आहे.

७. कायद्याची मर्यादा

औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, 1954 हा आयुर्वेदीय औषधांनाही लागू आहे. त्याच्या अनुसूचीत मधुमेह, कर्करोग, हृदयरोग, उच्च व नीच रक्तदाब, स्थूलता, मूतखडा, मोतीबिंदू, संधिवात, पक्षाघात, अपस्मार, श्वित्र, स्त्रियांचे वंध्यत्व इत्यादी 54 रोग-स्थितींचा समावेश आहे. या रोगांचे निदान, उपचार, शमन वा प्रतिबंध करण्यासाठी एखादे औषध वापरावे असे सुचविणारी जाहिरात प्रसिद्ध करण्यास कलम 3 अन्वये मनाई आहे. कामशक्ती वाढविण्याविषयीच्या जाहिरातीही त्याच कलमात येतात. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी कलम 4 आहे. प्रथम अपराधास सहा महिन्यांपर्यंत कारावास, दंड किंवा दोन्ही, व पुनरपराधास एक वर्षापर्यंत कारावास अशी तरतूद आहे. जाहिरातीची व्याख्याही व्यापक असून तीत सूचना, परिपत्रक, वेष्टन, अन्य दस्तऐवज आणि प्रकाश वा ध्वनी यांच्या साहाय्याने केलेली उद्घोषणाही येते. संकेतस्थळ हे या व्याख्येबाहेर आहे अशा भ्रमात राहू नये.

कलम 14 मध्ये काही अपवाद आहेत. नोंदणीकृत चिकित्सकाने आपल्या जागेत लावलेला, तेथे अमुक रोगाची चिकित्सा होते असे दर्शविणारा फलक, तसेच शास्त्रीय वा सामाजिक दृष्टीने प्रामाणिकपणे लिहिलेला ग्रंथ यांस सूट आहे. मात्र जागेवरील फलकाची सूट संकेतस्थळास आपोआप मिळते असे गृहीत धरू नये. शंका असल्यास विधिज्ञाचा सल्ला घ्यावा. नोंदणीकृत वैद्यांस व्यावसायिक आचारसंहितेचेही बंधन आहे. भारतीय चिकित्सा पद्धतीच्या परिषदेने 1982 साली केलेल्या आचारसंहितेपासून 2020 च्या अधिनियमाने स्थापन झालेल्या राष्ट्रीय आयोगाच्या नियमांपर्यंत हे बंधन चालत आलेले आहे.

आता प्रत्यक्ष प्रसंग पाहू. विक्रेत्याने कीवर्ड प्लॅनर उघडला व ‘मधुमेह कायमचा बरा करणारे औषध’ या आशयाच्या शब्दासमोर मोठा पल्ला पाहिला. संकेतस्थळ बनविणारा त्यास सांगतो की, हाच शब्द शीर्षकात घ्यावा. तसे केल्यास तीन हानी संभवतात. कायद्याचा भंग ही पहिली. दुसरी अशी की, गूगल आरोग्यविषयक पानांची प्रतवारी अधिक कठोर निकषांनी करते. अनुभव, तज्ज्ञता, अधिकार व विश्वासार्हता यांची अपेक्षा ठेवते. त्यामुळे असे पान टिकत नाही. तिसरी हानी सर्वांत गंभीर. हा शब्द लिहिणारा रुग्ण आशेने व्याकुळ झालेला असतो. आपले पान वाचून त्याने चालू असलेले इन्सुलिन बंद केले, तर त्याची भरपाई कोणत्याही विक्रीने होणार नाही. शोधसंख्या ही मागणीची मोजणी आहे, ती पुरविण्याची अनुज्ञा नव्हे.

अनुसूची (ई-1) मधील विषारी द्रव्ये असलेल्या कल्पांबाबतही असाच संयम हवा. ज्यांच्या वेष्टनावर वैद्याच्या देखरेखीखाली घेण्याची सूचना छापणे बंधनकारक आहे, अशा कल्पांसाठी ‘घरबसल्या खरेदी’ या धर्तीचे शोधशब्द निवडणे अनुचित होय.

८. चार सप्ताहांचा अभ्यासक्रम

पहिला सप्ताह : ग्राहक व रुग्ण यांच्या तोंडचे पन्नास शब्द वहीत टिपावेत. सुधारणा करू नयेत.

दुसरा सप्ताह : प्रत्येक शब्द शोधचौकटीत तपासून त्यास जोडून येणारे प्रश्न लिहावेत. नंतर कीवर्ड प्लॅनरमध्ये पल्ला व ट्रेंड्समध्ये ऋतुमान पाहावे. शब्द, लेखनभेद, हेतू, पल्ला, ऋतू आणि साध्यासाध्यता असे सहा रकाने आखावेत.

तिसरा सप्ताह : अनुसूचीतील रोग समोर ठेवून प्रत्याख्येय शब्दांवर काट मारावी. उरलेल्यांतून पाच सुखसाध्य शब्द निवडावेत.

चौथा सप्ताह : एका शब्दासाठी एक पान, याप्रमाणे प्रारंभ करावा. शोधशब्द शीर्षकात, पहिल्या परिच्छेदात व एखाद्या उपशीर्षकात स्वाभाविकपणे यावा. तोच शब्द ओळीओळीत ठासून भरणे हे शोधयंत्राच्या नियमांविरुद्ध आहे. पानाच्या अदृश्य भागात शोधशब्दांची यादी भरून देण्याचा मोबदला काही व्यावसायिक आजही मागतात. ती यादी गूगल प्रतवारीसाठी विचारात घेत नाही, हे त्या कंपनीने 2009 सालीच जाहीर केले आहे. पानाखाली लेखक-वैद्याचे नाव, पदवी, नोंदणी क्रमांक व पान सुधारल्याचा दिनांक असावा.

यानंतर महिन्यातून एकदा सर्च कन्सोल पाहावा. फलप्राप्तीस काही महिने लागतात. रोज आकडे पाहून अस्वस्थ होऊ नये. ‘पंधरा दिवसांत पहिला क्रमांक’ अशी हमी देणाऱ्यापासून, रोग समूळ नाहीसा करण्याची हमी देणाऱ्यापासून जितके दूर राहतो, तितकेच दूर राहावे. 2024 पासून भारतातही गूगल काही प्रश्नांची उत्तरे कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने पानाच्या शिरोभागी संक्षेपाने देऊ लागले आहे. त्यामुळे सामान्य माहितीच्या पानांवरील वाचक घटू शकतो. स्थानिक माहिती, प्रत्यक्ष सेवा आणि स्वानुभवावर आधारित लेखन यांचे महत्त्व मात्र त्यामुळे वाढतेच.

९. उपसंहार

शोधशब्द-साधने ही वैद्यास नवी विद्या शिकवीत नाहीत. ज्या लोकांची सेवा करावयाची ते कोणत्या शब्दांत बोलतात एवढेच ती ऐकवितात. ऐकलेल्या प्रत्येक मागणीस होकार देणे हे वैद्याचे काम कधीच नव्हते. रुग्णाने मागितले ते नव्हे, तर हितकर असेल ते देण्याची आपली परंपरा आहे. तिचेच पालन संकेतस्थळावरही व्हावे, ही अपेक्षा.

स्वाध्याय

1. आपल्या औषधालयातील दहा कल्पांची शास्त्रीय नावे लिहून ग्राहक ती कोणत्या शब्दांत मागतात ते समोर लिहा.

2. ‘पित्त’, ‘उष्णता’ व ‘वात’ हे शब्द शोधयंत्रात शोधून पहिल्या दहा पानांत कोणकोणते अर्थ गृहीत धरले आहेत त्यांची नोंद करा.

3. ‘उटणे’ व ‘च्यवनप्राश’ यांचे महाराष्ट्रातील पाच वर्षांचे आलेख पाहून आपले लेखन कोणत्या मासात प्रसिद्ध व्हावे ते ठरवा.

4. आपल्या विद्यमान संकेतस्थळावरील किंवा माहितीपत्रकातील प्रत्येक विधान 1954 च्या अधिनियमाच्या अनुसूचीशी ताडून पाहा व आक्षेपार्ह विधाने वगळा.

5. आपल्या दवाखान्याचा पत्ता परगावाहून प्रथमच येणाऱ्या रुग्णास समजेल अशा रीतीने, खऱ्या खुणांसह, पाच ओळींत लिहा.